बाहेरून तेच, म्हणून जुनेच?

‘रूप तेच, पडदा तोच, किंमतही तीच, मग नवा घ्यायचा कशासाठी?’ आतले भाग तेवढे बदललेला लॅपटॉप बाजारात आला, की हा आक्षेप हमखास येतो. त्यामागची चीड रास्त आहे. दरवर्षी थोडा वेग वाढवून तेच यंत्र पुढे केले जाते, आणि हातातले उत्तम चालत असताना माणसे हप्त्यांवर नवे घेतात. चीड मान्य, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा.

अ‍ॅपलने २०२० साली मॅकबुक एअर दोनदा आणला. मार्चमध्ये इंटेलच्या प्रोसेसरचा, नोव्हेंबरमध्ये स्वतःच्या एम-१ चिपचा. दोन्ही मिटून शेजारी ठेवले तर कोणता कुठला, सांगता येणार नाही. बॅटरीही दोन्हींत ४९.९ वॉट-तासांचीच. तरी कंपनीच्याच आकड्यांनुसार चित्रपट पाहताना पहिला १२ तास चालतो, दुसरा १८. पहिल्याला थंड राहायला पंखा लागे. दुसऱ्यात पंखाच नाही. पुढे २०२५ मध्ये मॅकओएस टाहो ही कार्यप्रणाली आली, तेव्हा ती चालू शकणाऱ्या यंत्रांच्या यादीतून इंटेलचा एअर वगळला गेला आणि एम-१ चा राहिला. एकाच वर्षी, एकाच रूपात घेतलेल्या दोन यंत्रांचे आयुष्य ठरवले ते न दिसणाऱ्या भागाने. याला ‘काहीच नवे नाही’ म्हणणे मला पटत नाही.

उलट २०२२ चा एम-२ एअर पाहा. सपाट कडा, मोठा पडदा, नवे रंग आणि चढी किंमत. पण २५६ जीबीच्या सर्वांत स्वस्त नमुन्यात साठवणुकीची चिप दोनऐवजी एकच होती, आणि मोठ्या फायली वाचण्या-लिहिण्यात तो आधीच्या एम-१ च्याही मागे पडला. रूपावर भाळून घेणाऱ्याला हे दुकानात कसे कळावे?

मग प्रत्येक नव्या चिपमागे धावावे का? मुळीच नाही. एम-१ वर लेखन, ईमेल, हिशेब बिनघोर चालत असतील, तर २०२४ चा एम-३ घेण्यात अर्थ नाही. इथे आक्षेपकांचेच खरे. आज आपले काम नेमके कुठे अडते, बॅटरी दुपारीच मान टाकते का, व्हिडिओ जुळवताना यंत्र तापून मंदावते का, सुरक्षेची अपडेट बंद झाली का, हे आधी पाहावे. ती अडचण आतल्या बदलाने सुटत असेल, तर पैसे सार्थकी लागतात.

आतला बदल म्हणजे केवळ चिप नव्हे. मॅकबुक एअरमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही; घेताना जेवढी, तेवढीच शेवटपर्यंत. ऑक्टोबर २०२४ मध्ये एम-२ आणि एम-३ च्या सर्वांत स्वस्त एअरची रॅम ८ वरून १६ जीबी झाली. अमेरिकेत किंमत तीच राहिली, रूप तेच, चिपसुद्धा तीच. पहिलाच लॅपटॉप घेऊन तो पाच-सहा वर्षे पुरवायचा आहे अशा विद्यार्थ्याला, नव्या रंगरूपासाठी नव्हे, पण या एका बदलासाठी मी खुशाल थांबायला सांगितले असते.