जोंगाला पॉवर स्टिअरिंग लावण्याआधी

वेलिंग्टनच्या पोस्टिंगमधली गोष्ट. रविवारची सकाळ, कुन्नूरहून मेट्टुपाळयमला उतरणारा घाट, शेजारी माझी मुलगी आणि हाताखाली माझी जोंगा. बर्लियारच्या अलीकडे एका वळणात रस्ता खचलेला होता. मी ब्रेक दाबला, पुढचं चाक खड्ड्यात बसलं आणि गाडी स्वतःहून उजवीकडे गेली. स्टिअरिंग मी हलवलंच नव्हतं. समोरून बस वर येत होती. तिच्या ड्रायव्हरने डोंगराच्या बाजूला घासत बस काढली म्हणून आज हे लिहितो आहे. बर्लियारला गाडी बाजूला लावली. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही असं का वळवलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ही जोंगा मी एका कोर्समेटकडून घेतली होती. त्याने ती लष्कराच्या लिलावातून उचलली, मग एका गॅरेजमध्ये देऊन 'अपग्रेड' केली. अपग्रेड म्हणजे काय, तर कमानपाट्यांमध्ये जादा पाती, लांब शॅकल, रुंद टायर आणि दुसऱ्या कुठल्याशा गाडीचं पॉवर स्टिअरिंग. गाडी उंच दिसायची. क्लबसमोर उभी केली की तरुण कॅप्टन फोटो काढायचे. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

ज्यांनी जोंगा चालवली आहे त्यांना तिची ओळख करून द्यायला नको. बाकीच्यांसाठी: मूळ गाडी निसान पेट्रोल ६०. १९६९ पासून जवळपास तीस वर्षं ती जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनत होती, आणि जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या नावाच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव पडलं. जवळजवळ चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पुढे-मागे अखंड ॲक्सल, चारही बाजूंना कमानपाटे. म्हणजे अमेरिकन लोक ज्याला मसल कार म्हणतात, तसा आपल्याकडचा दणकट प्रकार. फक्त वेगाऐवजी ओढण्यासाठी.

घरी पोचल्यावर मी सुभेदार साहेबांना फोन केला. ईएमईचे, साताऱ्याकडचे, माझ्या पहिल्या युनिटमधले. सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "सर, ड्रॅग लिंक आडवी आहे का तिरकी?" मी गाडीखाली जाऊन पाहिलं. चांगलीच तिरकी होती.

इथे थोडं तांत्रिक बोलायला हवं, कारण सगळा वाद याच एका दांड्यावर आहे. स्टिअरिंग बॉक्स चॅसिसला बसवलेला असतो, चाकं ॲक्सलवर असतात आणि दोघांना जोडते ती ड्रॅग लिंक. ॲक्सल खड्ड्यात वरखाली होतो तेव्हा तो कमानपाट्यांच्या चापावर फिरतो. ड्रॅग लिंकही आपल्या चापावर फिरते. दोन्ही चाप जवळपास जुळले तर चाकाला काही कळत नाही. गाडी चार इंच उचलली आणि बॉक्स होता तिथेच ठेवला की लिंक तिरकी होते, चाप जुळत नाहीत, आणि प्रत्येक खड्डा चाकाला थोडं वळवतो. ब्रेक दाबला की नाक खाली जातं, तेव्हाही तेच. त्यात लांब शॅकलमुळे ॲक्सल आपल्या जागी किंचित फिरतो आणि कॅस्टरचा कोन बिघडतो. म्हणजे चाक सरळ राहण्याची जी नैसर्गिक ओढ असते तीच जाते. पॉवर स्टिअरिंगमुळे हे सगळं हाताला कळेनासं होतं. जड स्टिअरिंगने मला महिनाभर आधी सावध केलं असतं.

सुभेदार साहेब पुढच्या महिन्यात स्वतः आले. आल्या आल्या जॅक लावला, पुढचं चाक वर-खाली धरून हलवलं, मग दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. पहिल्यात किंगपिनचा प्ले, दुसऱ्यात टाय रॉडच्या टोकांचा. "ह्याच्यावर पॉवर स्टिअरिंग बसवलं म्हणजे मोडक्या दाराला नवं कुलूप," ते म्हणाले. तीन दिवस आम्ही दोघं गाडीखाली होतो. जादा पाती काढली, शॅकल मूळ लांबीचे, रबरी बुश नवे, किंगपिनची बेअरिंग आणि शिम, टाय रॉडची टोकं, टायर पुन्हा मूळ मापाचे. स्टिअरिंग बॉक्स जिथे बसवला होता तिथे चॅसिसच्या पत्र्याला केसाएवढी चीर निघाली. ती पाहून साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत.

माझं म्हणणं आता सरळ आहे. जुन्या गाडीचं पुढचं अंग सुधारायचं असेल तर आधी ती कारखान्यातून निघाली तशी करा आणि महिनाभर चालवा. जिला तुम्ही जुनाट तंत्र म्हणत होता, त्यातली बरीचशी तक्रार नुसती झीज होती असं लक्षात येईल. त्यानंतरही काही खुपलं तर तेवढंच बदला.

आमचाच एक कोर्समेट टेक्सासमध्ये स्थायिक आहे, त्याच्याकडे १९६७ची मस्टँग आहे. त्याच्याशी यावर फोनवर तासन् तास वाद झाले. मस्टँग मुळात फोर्डच्या फाल्कन या साध्या घरगुती गाडीच्या सांगाड्यावर उभी राहिली. तिची पुढची स्प्रिंग वरच्या कंट्रोल आर्मवर बसते आणि पत्र्याच्या उंच टॉवरमध्ये टेकते. तिकडे आज सर्रास चालणारा उपाय म्हणजे ते टॉवर कापून रॅक-पिनियनसकट नवं किट बसवणं. पण या गाडीला वेगळी चॅसिस नाही, टॉवर हाच तिचा सांगाडा. कापला की भार दुसरीकडे न्यावा लागतो. आणि रॅक चुकीच्या उंचीवर बसला की तिथेही खड्ड्यात चाक वळतंच. उलट फोर्डचे अभियंता क्लाऊस आर्निंग यांनी सुचवलेला बदल बघा. वरच्या आर्मची भोकं सुमारे एक इंच खाली घ्यायची, बस. १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० मध्ये तो होता. वळणात बाहेरचं चाक रस्त्यावर जास्त सपाट टेकतं. खर्च ड्रिलचा आणि एका नमुना-पट्टीचा. मित्राने तेवढंच केलं, रेडियल टायरला साजेसा कॅस्टर वाढवला, आणि किटचे पैसे मुलाच्या कॉलेजला दिले.

"मूळ ते सगळं पवित्र" म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. लष्कराने कुठलीच गाडी देव्हाऱ्यात ठेवलेली नाही. माझ्या एका सीनियरच्या खांद्यात गोळी लागली होती, हात पूर्ण उचलला जात नाही. त्यांच्या जोंगाला पॉवर स्टिअरिंग आहे. बॉक्सच्या मागे जाड प्लेट, लिंक आडवी, उंची मूळ. ते बेलाशक घाट उतरतात.

कायद्याचा मात्र गमतीशीर गुंता आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगतात की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार नको. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी दिली, अट चॅसिस, बॉडी आणि इंजिन न बदलण्याची. ठीक आहे. पण माझ्या गाडीच्या तपासणीत चॅसिस नंबरवर पेन्सिल घासली, दिवे पाहिले, हॉर्न वाजवला. पुढचं चाक जॅकवर घेऊन कुणी हलवलं नाही. दोन मिनिटांचं काम आहे. नोंदणीच्या नूतनीकरणात एवढी एक गोष्ट सक्तीची केली तर मी बाकी सगळ्या फॉर्मबद्दलची कुरकुर मागे घेतो.

जाताना सुभेदार साहेबांनी काढलेले लांब शॅकल आणि जादा पाती पोत्यात बांधून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवली. एका कॅप्टनने नंतर ती विकत मागितली. मी साहेबांना फोन केला. "भंगारात द्या सर," ते म्हणाले, "पण आधी गॅसने मधून कापा."