खरकटं ताट आणि उघडा नळ

‘हरित इमारतीच्या कँटीनमध्ये भांडी घासायला यंत्र कशाला? ते पाणी पितं, वीज खातं, गरिबाचा रोजगार घालवतं. हातानं घासा, तेच खरं पर्यावरणप्रेम!’ परवा एका बैठकीत एका गृहस्थांनी असं ठणकावलं आणि टाळ्या मिळवल्या. हे गृहस्थ मोरीपाशी कधी तासभर उभे राहिले असतील, असं मला वाटत नाही.

मी राहिलो आहे. पुण्यातल्या एका कचेरीच्या कँटीनमध्ये दुपारी ५०० ताटं घासायला पडत. पहिलं ताट आलं की नळ उघडायचा, तो शेवटचं विसळेपर्यंत वाहतच राहायचा. हात साबणाचे, समोर ताटांची चळत. दर ताटाला नळ बंद कोण करणार? मी नळाखाली दहा लिटरची बादली धरली. मिनिटात भरली. दोन तासांचे १२०० लिटर, आणि तेही टँकरनं आणलेलं.

यंत्र दर खेपेला सगळं पाणी नवं घेतं, ही त्या गृहस्थांची समजूतच चूक आहे. टाकीतलं साबणाचं गरम पाणी पंप पुन्हा पुन्हा फवारतो. नवं पाणी लागतं ते शेवटच्या विसळणीला. चांगल्या यंत्रात एका रॅकला साडेतीन लिटरच्या आत. तेही टाकीत उतरून पुढच्या रॅकच्या कामी येतं. रॅकमागे १६ ताटं धरली तर ३२ रॅक, म्हणजे ११२ लिटर. टाकी भरायला ४० धरा, ताटं यंत्रात जाण्याआधी खरकटं धुणाऱ्या फवाऱ्याला अडीचशे धरा. तरी हिशेब बाराशेच्या तिसऱ्या हिश्शावर थांबतो.

असाच वाद पूर्वी सौर बंबावरून झाला होता. ‘चूल काय वाईट?’ असं तावातावानं विचारणारे तेव्हाही होते. धुरात बसणाऱ्या बाईला मात्र कुणी विचारलं नाही.

रोजगाराचं म्हणाल तर खरकटं काढायला, रॅक लावायला माणूस लागतोच. वाचतात ती साबणानं भेगाळलेली बोटं.

विजेचा आक्षेप खरा आहे. विसळणीचं पाणी ८२ अंशांचं लागतं. २५ अंशांचं ११२ लिटर पाणी तिथवर तापवायला साडेसात युनिट जातात. गच्चीवरच्या सौर बंबातून ५५ अंशांचं पाणी दिलं, तर हा खर्च निम्म्याखाली येतो.

म्हणून माझं म्हणणं असं : यंत्र घ्या, पण नीट वापरा. ताट आधी कोरडंच खरवडा. फवाऱ्याची तोटी मिनिटाला सहा लिटरच्या आतली बसवा. रॅक भरल्याशिवाय यंत्र चालवू नका. अर्धा रॅकही तेवढंच पाणी घेतो. बोअरचं पाणी जड असेल तर सॉफ्टनर लावा, नाहीतर हीटरवर क्षार चढतात. यंत्राच्या पाइपावर वेगळा मीटर बसवा आणि त्याचा आकडा रोज लिहा.

पुढच्या बैठकीला त्या गृहस्थांनी जरूर यावं. येताना दहा लिटरची बादली आणावी, नळाखाली धरावी आणि किती वेळात भरते ते स्वतःच मोजावं.