शिलकेचा दाखला आणि आपले कर्तव्य

सुहृद सभासदहो,



येत्या सप्टेंबरात ब्रिटनमधील विद्यापीठांत सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांची प्रवेशपत्रे महाराष्ट्रातील घराघरांत पोचू लागली, की त्यांच्या पाठोपाठ येथे स्थायिक झालेल्या आपल्यासारख्यांकडे आप्तेष्टांची विचारणा सुरू होते. विद्यार्थी व्हिसासाठी खात्यावर किती रक्कम असावी लागते, हा पहिला प्रश्न रास्त असतो आणि त्याचे उत्तर आनंदाने द्यावे असेच असते. परंतु त्यानंतर किंचित अडखळत, महिनाभरापुरती तेवढी रक्कम मुलाच्या खात्यावर ठेवता येईल का, असा जो दुसरा प्रश्न येतो, तो आपल्या स्नेहाची आणि विवेकाची एकाच वेळी परीक्षा पाहतो. या दुसऱ्या प्रश्नाविषयी मंडळाने आपली भूमिका नि:संदिग्ध शब्दांत मांडावी, असे वाटल्यावरून हे संपादकीय लिहीत आहे.

प्रथम नियम काय आहे ते पाहू. अर्जदाराला पहिल्या वर्षाच्या शुल्कापैकी जो भाग भरावयाचा राहिला असेल तो, आणि त्याखेरीज जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा निर्वाहखर्च, एवढी रक्कम आपल्या हाताशी असल्याचे सिद्ध करावे लागते. ११ नोव्हेंबर २०२५ पासून या निर्वाहखर्चाचा आकडा लंडनमध्ये दरमहा १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड असा ठरविण्यात आला आहे. म्हणजे लंडनमधील विद्यार्थ्याला शुल्काव्यतिरिक्त १३,७६१ पौंडांची आणि इतरत्र शिकणाऱ्याला १०,५३९ पौंडांची तजवीज दाखवावी लागते. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यावर असावी लागते, त्या मुदतीचा अखेरचा दिवस अर्जाच्या तारखेपूर्वी ३१ दिवसांच्या आतला असावा लागतो, आणि मधल्या एकाही दिवशी शिल्लक ठरलेल्या आकड्याखाली गेली, मग ती दहा पौंडांनी का असेना, तर सारा दाखला निष्फळ ठरतो. खाते रुपयांत असेल तर पौंडाचा भाव सतत हलत असल्याने नेमक्या आकड्यावर न थांबता वर काही रक्कम राखून ठेवणे, हे शहाणपणाचे होय. शिवाय आरोग्य अधिभाराचे वार्षिक ७७६ पौंड अर्जासोबतच वेगळे भरावे लागतात, ही गोष्ट पुष्कळांच्या हिशेबातून निसटते.

हे खाते कोणाचे असावे, याविषयीही गैरसमज फार. स्वत: विद्यार्थी, त्याचे आईवडील वा कायदेशीर पालक, अथवा त्याचा जोडीदार, एवढ्यांचेच खाते चालते; आईवडिलांचे खाते दाखवावयाचे तर जन्मदाखला आणि त्यांचे लेखी संमतीपत्र जोडावे लागते. काका, मामा, आजोबा कितीही सधन आणि कितीही उदार असले, तरी त्यांच्या खात्याचा उतारा येथे उपयोगी पडत नाही.

आपल्याकडील मध्यमवर्गीय आणि शेतकरी कुटुंबांना हा नियम जड का जातो, हे समजून घेतले पाहिजे, कारण त्यांची अडचण दारिद्र्याची नसून पुष्कळदा संपत्तीच्या स्वरूपाची असते. ज्या बापाकडे चार एकर बागायत आहे, ज्या आईकडे दोन पिढ्यांचे सोने आहे, ज्या शिक्षकाची तीस वर्षांची कमाई भविष्य निर्वाह निधीत साठली आहे, त्यांच्या मुलीला या कायद्याच्या दृष्टीने हाताशी पैसा नाही. जमीन, दागिने, शेअर, निर्वाह निधी आणि ओव्हरड्राफ्टची मर्यादा यांपैकी काहीही या हिशेबात धरले जात नाही. गावच्या पतसंस्थेतील ठेवीवरही भिस्त ठेवू नये, कारण ज्या संस्थेवर देशातील योग्य नियामकाची देखरेख नाही, अथवा जिच्याकडून उताऱ्याची खातरजमा करून घेता येत नाही, तिचा दाखला ग्राह्य धरला जात नाही.

या अडचणीच्या फटीतूनच एक अनिष्ट व्यवहार शिरला आहे. टक्केवारी घेऊन महिनाभर खात्यावर रक्कम ठेवणारे आणि मुदत संपताच ती काढून घेणारे मध्यस्थ आज ठिकठिकाणी आढळतात, आणि नातलगांकडे केली जाणारी ती अडखळती विनंती हीसुद्धा, हेतू निर्मळ असला तरी, त्याच व्यवहाराची घरगुती आवृत्ती असते. पैसा अर्जदाराला शिक्षणकाळात खरोखर वापरता आला पाहिजे, हीच नियमाची मूळ अट असल्यामुळे परतीच्या बोलीवर ठेवलेली रक्कम ही त्या अटीची फसवणूक ठरते. आणि अर्जात फसवणूक सिद्ध झाली तर नकारावर न थांबता दहा वर्षांपर्यंत या देशाचे दार त्या तरुणाला बंद होऊ शकते.

परंतु मला अधिक चिंता वाटते ती पकडल्या न गेलेल्या फसवणुकीची. अशी रक्कम दाखवून आलेला विद्यार्थी येथे पोचतो, घरभाडे, प्रवास आणि किराणा यांच्याशी त्याची गाठ पडते, आणि कागदावर असलेले तेरा हजार पौंड प्रत्यक्षात कधीच आपले नव्हते, हे पहिल्याच महिन्यात ध्यानी येते. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रकाळात आठवड्याला वीस तासांपेक्षा अधिक नोकरी करता येत नाही, सरकारी साहाय्यावर त्याचा हक्क नसतो, आणि घरी खरे सांगावे तर कर्जाचा डोंगर आधीच उभा असतो. अशा वेळी तो नियमबाह्य काम, उपासमार आणि अभ्यासाची हेळसांड यांच्या फेऱ्यात सापडतो. शासनाने मागितलेला आकडा हा त्याच्या मार्गातला अडथळा म्हणून पाहण्यापेक्षा येथे जगण्यास किमान किती लागेल याचा अंदाज म्हणून पाहिला, तर तो त्याच्याच रक्षणासाठी आहे, हे पटते.

परदेशी शिक्षण आणि पैसा यांचा हा संबंध आजचा नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून ते लंडनला आले खरे, पण शिष्यवृत्तीची मुदत सरल्यामुळे १९१७ साली येथील अध्ययन अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा लंडनला आले, ते प्राध्यापकीतून साठविलेली पुंजी, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर. एवढ्या प्रज्ञावंताचे अध्ययनही पैशावाचून खंडित झाले आणि पैशाची खरीखुरी सोय झाल्यावरच पूर्ण झाले, आणि ज्यांनी ती सोय केली त्यांनी दिलेली रक्कम खर्चण्यासाठी दिली होती, यातला बोध आपण घ्यावा.

म्हणून सभासदांना माझी विनंती अशी. ज्यांना साहाय्य करणे शक्य आहे त्यांनी ते देणगी म्हणून, परतीची अट न घालता, वेळेवर विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करावे. ती रक्कम २८ दिवस तेथे राहिली की ती त्याचीच आहे. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी संकोच न बाळगता नाही म्हणावे आणि खरे मार्ग दाखवावेत: नियंत्रित बँकेचे, विद्यार्थ्याच्या स्वत:च्या नावे मंजूर झालेले शैक्षणिक कर्ज, ज्याच्या पत्राला २८ दिवसांची अट लागू होत नाही; १८९२ पासून चालत आलेल्या जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्जरूप शिष्यवृत्ती; आणि पात्र विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती. जमीन वा दागिना विकण्याचा निर्णय घ्यावयाचाच असेल तर तो प्रवेशपत्र हाती येण्याआधी व्हावा, आणि तेवढ्याने भागत नसेल तर प्रवेश एक वर्ष पुढे ढकलणे यात कोणताही कमीपणा नाही, हेही आपणच वडीलकीच्या नात्याने सांगितले पाहिजे.

आणि जी मुले येऊन पोचली आहेत, त्यांच्यासाठी पहिल्या आठवड्याचा निवारा, वापरण्याजोगी भांडी-पांघरुणे आणि घरमालकाच्या करारनाम्यातील कलमे समजावून देणारा एक जाणता माणूस एवढी व्यवस्था आपल्या मंडळाला सहज करता येईल. या कामी नाव नोंदवू इच्छिणाऱ्या सभासदांनी कार्यकारिणीशी संपर्क साधावा, ही आग्रहाची विनंती.

आपला स्नेहांकित,
संपादक