राक्षसांचे डोंगर

एरंडोल हीच एकचक्रानगरी, आणि जवळच्या पद्मालयाच्या रानात भीमाने बकासुर मारला, असे आपल्याकडे सांगतात. कथा रंजक आहे. पण मित्रहो, डोंगरात राहतो तो राक्षस, ही समजूतही तिच्याबरोबर आपल्यात मुरली. १८१८ साली खानदेश घेणाऱ्या इंग्रजांनी सातपुड्यातील भिल्लांना लुटारू म्हटले. १८२५ मध्ये आउट्रमने त्यांच्यातूनच भिल्ल पलटण उभारली, तेव्हा ते इमानी शिपाई ठरले! माणसे तीच, नाव ठेवणाऱ्याची गरज तेवढी बदलली. बकासुराच्या आईने ही कथा कशी सांगितली असती? आपल्या शेजारच्या बाकावर भिल्ल, पावरा मित्र बसतात. त्यांच्या बोलीतील डोंगरकथा वार्षिकांकात छापल्याशिवाय खानदेशचा इतिहास अर्धाच राहील.