खासगी वाट, सरकारी वही

मंठ्यात घरी बसून पुण्यातील कंपनीचे काम करणारा तरुण सकाळी संगणक उघडतो तो प्रथम ‘व्ही. पी. एन.’ सुरू करतो. व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क हे त्याचे पूर्ण नाव. नाव भारदस्त असले तरी गोष्ट साधी आहे. त्याचा मजकूर संगणकातच सांकेतिक लिपीत जातो, जणू बंद लखोट्यात पडतो, आणि तो लखोटा कंपनीच्या यंत्रापाशीच उघडतो. वाटेतील इंटरनेट कंपनीस लखोटा त्या यंत्राकडे चालला एवढेच कळते.

हीच सोय घरगुती उपयोगासाठी विकतही मिळते, आणि तेथेच सुशिक्षितांचाही गैरसमज होतो. ती घेतली म्हणजे आपण अदृश्य झालो असे मुळीच नव्हे. आपण कोणत्या संकेतस्थळावर जातो हे पूर्वी इंटरनेट कंपनीला दिसे, ते आता व्ही. पी. एन. विकणाऱ्याला दिसू शकते. विश्वास कोणावर तरी टाकावाच लागतो. फुकट व्ही. पी. एन. घेणाऱ्याने तर त्याचा खर्च कोण व कशासाठी सोसतो, हे आधी विचारावे. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात २६ फेब्रुवारी २०२४ रोजी जालना जिल्ह्यात इंटरनेटच बंद करण्यात आले होते. रस्ताच नाही तेथे लखोटा जाणार कोठून?

तथापि आमचा खरा आक्षेप वेगळाच आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने आदेश काढून व्ही. पी. एन. विकणाऱ्यांवर बंधन घातले. ग्राहकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, त्यास दिलेला आय. पी. पत्ता, इतकेच नव्हे तर ही सेवा तो कशासाठी घेतो याचीही नोंद, त्याने सेवा सोडल्यावरही ५ वर्षे ठेवावयाची! कंपन्यांच्या अंतर्गत व्ही. पी. एन.ला हे लागू नाही, असा खुलासा पुढे मे महिन्यात झाला. म्हणजे मंठ्याचा तो तरुण कामाच्या वेळेत नोकर म्हणून विश्वासास पात्र, आणि काम संपताच नागरिक म्हणून वहीत नोंदण्याजोगा.

चोर व भामटे या आडोशाचा आश्रय घेतात, ही पोलिसांची तक्रार खोटी नाही. परंतु आदेशानंतर घडले काय? एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन या कंपन्यांनी त्याच वर्षी आपली यंत्रे भारताबाहेर नेली. लबाडाला परदेशातील यंत्र चालते. नोंद होते ती सरळमार्गी ग्राहकाची, आणि साठविलेली नोंद चोरीसही जाऊ शकते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले आहे. त्या निर्णयानंतर सरसकट सर्वांची वही भरण्याचे समर्थन आम्हांस पटत नाही. ज्याच्यावर संशय असेल त्याची माहिती सरकारने न्यायालयाच्या हुकमाने मागावी, आणि बाकीच्यांच्या पाच वर्षांच्या नोंदींचे कलम आदेशातून काढून टाकावे.