आरोग्य-संवाद : पेशीतील कोठार
मयूर विहारात आमच्या शेजाऱ्यांकडे गेल्या हिवाळ्यात त्यांचा दहा वर्षांचा भाचा बिकानेरहून आला. त्याच्या गालावरील व्रण दोन महिने हळद-तेल लावूनही भरत नव्हता. डॉक्टरांनी तपासणी करविली, तेव्हा तो 'दिल्लीचा फोड' निघाला! नाव दिल्लीचे असले, तरी हा विकार आज मुख्यत्वे राजस्थानच्या वाळवंटी भागात आढळतो. 'लीशमेनिया' नावाचे परजीवी वाळूमाशीच्या दंशावाटे शरीरात शिरतात आणि हा व्रण उत्पन्न करतात. १८८५ साली कनिंगहॅम यांनी अशाच एका फोडातील परजीवींचे वर्णन केले होते.

या परजीवीचे धारिष्ट असे की, जी भक्षक पेशी त्याला गिळून मारावयाची, तिच्याच पोटात तो बिऱ्हाड थाटतो. अशा पेशीत मेदाचे सूक्ष्म थेंब वाढू लागतात. या मेदबिंदूंना शास्त्रज्ञ पूर्वी निव्वळ कोठार समजत. आता कळले आहे की, तेथे प्रोस्टाग्लँडिनसारखी संदेशद्रव्ये तयार होतात व ती शरीराच्या प्रतिकाराचे नियमन करतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तर मेदबिंदूंवर जंतुनाशक प्रथिनेही आढळली. म्हणजे कोठार तेच शस्त्रागार!

परंतु कोठारावर शत्रूचाही डोळा असतो. लीशमेनियाच्या संसर्गात मेदबिंदू परजीवीच्या निवाऱ्यालगत गोळा होतात, आणि तेथे निर्माण होणाऱ्या एका प्रोस्टाग्लँडिनमुळे पेशीची मारकशक्ती मंदावते. एकच साधन कधी रक्षकाच्या, तर कधी चोराच्या उपयोगी पडते.

'मग तूप अधिक खावे की कमी?' असे एखादी गृहिणी विचारील. या संशोधनातून आहाराचा असा कोणताही नियम निघत नाही. मेदाचा उपयोग वैद्यकाने निराळ्या रीतीने मात्र केला आहे. ॲम्फोटेरिसिन हे औषध मेदाच्या सूक्ष्म पुटिकांत भरून शिरेवाटे देतात. भक्षक पेशी त्या पुटिका गिळतात आणि औषध थेट शत्रूच्या बिऱ्हाडी पोचते. याच कुळातील परजीवीमुळे होणाऱ्या काळा आजारावर आपल्या देशात हा उपचार केला जातो.

शेजाऱ्यांच्या भाच्याचा व्रण योग्य उपचारांनी भरला. गालावर वण तेवढा राहिला. दोन महिने आधी दाखविले असते, तर कदाचित तोही लहान राहिला असता. म्हणून वाचकहो, कित्येक आठवडे न भरणारा व्रण घरच्या लेपाखाली झाकून ठेवू नये. तो वेळीच डॉक्टरांना दाखवावा.