बोरीवलीत तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते



ऑगस्ट आला की इथे अमेरिकेत आपल्या मराठी मंडळाच्या कार्यकर्त्यांचे फोन सुरू होतात. मुंबई, पुणे, नाशिकहून आई-बाबा बोलत असतात. मुलगा किंवा मुलगी एम. एस. करायला येणार असते. पूर्वी प्रश्न ठरलेले असायचे: कुकर द्यायचा का, थंडीचे कपडे इथून घ्यायचे की तिथे, आपलं किराणा दुकान किती लांब. आताही ते विचारतात, पण मधेच आवाज खाली जातो आणि खरा प्रश्न येतो. "तिकडे कॉलेजांत गोळीबार होतात म्हणे. पाठवू ना हो तिला?"

"काही काळजी करू नका" हे उत्तर तोंडावर तयार असतं. पण विचारणाऱ्याला ते पुरत नाही, आणि ते पूर्ण खरंही नाही. म्हणून यंदाच्या अंकात या भीतीबद्दल सरळ लिहायचं ठरवलं.

१६ एप्रिल २००७, सोमवार. व्हर्जिनिया राज्यातल्या ब्लॅक्सबर्ग या छोट्या गावात, व्हर्जिनिया टेक विद्यापीठात, सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. विद्यापीठाने सगळ्यांना पहिली ईमेल पाठवली ती नऊ वाजून सव्वीस मिनिटांनी, म्हणजे दोन तासांहून जास्त वेळ गेल्यावर. मारेकरी मोकळा आहे, हे त्या ईमेलमध्ये नव्हतं. त्याच सुमारास तोच माणूस नॉरिस हॉल या वर्गांच्या इमारतीत शिरला. त्याने बाहेरच्या दारांना साखळ्या लावल्या, आणि दहा-अकरा मिनिटांत तिथे ३० जणांचा जीव घेतला. त्या दिवशी एकूण ३२ माणसं गेली. छळछावण्यांच्या काळातून वाचलेले ७६ वर्षांचे प्राध्यापक लिव्हियू लिब्रेस्कू वर्गाचं दार अडवून उभे राहिले, म्हणून त्यांचे बहुतेक विद्यार्थी खिडकीतून उड्या मारून वाचले. मूळचे तमिळनाडूचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन शिकवता शिकवता गेले. आणि गेली ती बोरीवलीची एक २६ वर्षांची मुलगी. मुंबईत वास्तुकला शिकून पुढच्या शिक्षणासाठी आलेली.

ब्लॅक्सबर्गला पावणेदहा, म्हणजे बोरीवलीत सव्वासात. चर्चगेटकडून येणाऱ्या फास्ट गाड्या स्टेशनात रिकाम्या होण्याची वेळ. घरोघरी टीव्ही लागलेले. त्या दिवशी ब्लॅक्सबर्गमधल्या मोबाइलच्या लाइनी तुंबल्या होत्या. शेजारच्या इमारतीतल्या मित्राला फोन लागत नव्हता, तिथे भारतातून कुठला लागणार? ज्यांचं माणूस तिथे होतं, त्या सगळ्या घरांनी ते तास टीव्हीसमोर काढले असणार. पडद्यावर आकडा वाढताना बघायचा आणि नाव मात्र कळत नाही.

माझ्या मते या भीतीचं मूळ इथे आहे. मृत्यूची भीती असतेच, पण घरच्यांना जास्त पोखरतं ते काहीच न कळणं. नंतर राज्यपालांनी नेमलेल्या समितीने उशिरा दिलेल्या सूचनेवर बोट ठेवलं, आणि कुटुंबांना माहिती देण्याची व्यवस्था अपुरी पडली, हेही नोंदवलं. चार वर्षांनी हाच अनुभव आपल्या पुण्यातल्या एका घराने घेतला. २६ डिसेंबर २०११ च्या पहाटे, इंग्लंडमध्ये मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डमध्ये, लँकेस्टर विद्यापीठात शिकणाऱ्या २३ वर्षांच्या मराठी मुलाला एका अनोळखी माणसाने कारण नसताना गोळी घातली. तो मित्रांबरोबर सुट्टीत फिरायला गेला होता. मुलगा गेल्याचं त्याच्या आई-वडिलांना कळलं ते फेसबुकवरून. हे वाचलं तेव्हा मी सुन्न झालो होतो, आणि अजूनही ते मनातून जात नाही.

म्हणून आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला माझी पहिली विनंती फार रुक्ष आहे. विद्यापीठाच्या संगणकावर आपल्या नावापुढे आणीबाणीत कुणाला कळवायचं याची जागा असते. तिथे आपली मुलं बाबांचा भारतातला नंबर टाकतात आणि विसरून जातात. तो असू द्याच, पण त्याच्या जोडीला इथल्या एका माणसाचं नाव घाला. इथे नातेवाईक नसेल तर मंडळातलं कुटुंब घाला. आम्ही ते आनंदाने होऊ. दुसरं, विद्यापीठाच्या धोक्याच्या सूचना ज्या नंबरवर येतात तो तुमचा चालू नंबर आहे ना, हे तपासा. विमानतळावर घेतलेलं सिम महिन्याभरात बदलतं आणि नोंदणी जुन्याच नंबरावर राहते. ब्लॅक्सबर्गनंतर, २००८ साली, अमेरिकेत कायद्यात बदल झाला: धोका खरा आहे असं कळताच विद्यापीठाने ताबडतोब सगळ्यांना कळवलं पाहिजे. पण कायद्याने पाठवलेला संदेश तुमच्या खिशातल्या फोनवर पोचण्याची सोय तुम्हालाच करावी लागते.

आणि पालकांनो, एक गोष्ट आधीच समजून घ्या. अठरा वर्षांवरच्या विद्यार्थ्याची माहिती विद्यापीठं आई-बाबांनाही सहसा फोनवर देत नाहीत. ते उद्धटपणाने वागत नसतात, इथला कायदा तसा आहे. कुणाला काय सांगायचं याची परवानगी मुलांनी आधी लिहून द्यायची असते. विमानात बसण्यापूर्वी घरी यावर एकदा बोला.

आता घटनेनंतरच्या दिवसांबद्दल. गोळीबार आपल्या कॅम्पसवर झाला असो की तीन रस्ते पलीकडे, पुढचे काही दिवस झोप उडते, दार आपटलं तरी छातीत धस्स होतं, वर्गात शिरताना आधी बाहेर पडायची वाट दिसते. ही वेडाची लक्षणं नाहीत. शरीर तसंच वागतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं. महिना उलटला तरी तेच चालू राहिलं, अभ्यास, जेवण, बाहेर जाणं सुटू लागलं, तर समुपदेशकाकडे गेलंच पाहिजे. बऱ्याच विद्यापीठांत त्याचे पैसे फीमध्येच भरलेले असतात. "व्हिसावर परिणाम होईल का?" असं मुलं दबक्या आवाजात विचारतात. समुपदेशकाशी झालेलं बोलणं गोपनीय असतं. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर त्याला अपवाद असतात, पण झोप येत नाही म्हणून गेलात तर कुणी तुम्हाला परत पाठवत नाही. जा. मराठीत बोलायचं असेल तर आधी आमच्याकडे या, आम्ही दारापर्यंत सोबत येऊ.

ब्लॅक्सबर्गमध्ये आठवड्याने, २३ एप्रिलला, वर्ग पुन्हा भरले. ज्यांना येववत नव्हतं त्यांना तोवरच्या गुणांवर सत्र संपवून घरी जायची मुभा होती. मला ही सवलत फार शहाणपणाची वाटते. कुणी परत वर्गात बसून सावरतं, कुणी आईच्या हातचं खाऊन. दोघांनाही नावं ठेवायची नाहीत.

याच ठिकाणी आपल्या घरांबद्दल थोडं कडक लिहितो. भीतीची पहिली किंमत आपल्याकडे मुली मोजतात. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या सावित्रीबाई फुले मुलींच्या वसतिगृहात, तिच्याच खोलीत, एका विद्यार्थिनीवर अत्याचार करून तिचा खून झाला. अशा बातमीनंतर "आता पुरे, घरी ये" हे वाक्य मुलीच्याच वाट्याला येतं, त्याच शहरात शिकणाऱ्या भावाच्या नाही. तिच्या दाराला कडी नीट आहे का, वसतिगृहात रात्री कोण असतं, तक्रार कुणी ऐकून घेतं का, हे प्रश्न विचारायचे सोडून आपण तिचं शिक्षणच आवरतं घेतो. परदेशी आलेल्या मुलीही घरी खरं सांगत नाहीत त्या याच धास्तीने. सांगितलं तर बोलावून घेतील, म्हणून ती एकटीच घाबरत राहते. आई-बाबांनो, ती सांगेल तेव्हा आधी पूर्ण ऐकून घ्या. तिकिटाचं नंतर बघू.

दुसरी गोष्ट आपल्या जिभेची. ब्लॅक्सबर्गचा मारेकरी लहानपणी कोरियातून आलेला होता. त्यानंतर अमेरिकेतले कोरियन विद्यार्थी आणि दुकानदार आता आपल्यावर सूड उगवला जाईल म्हणून धास्तावले होते. त्यांचाही त्या दिवशी काही गुन्हा नव्हता. आपल्या जेवणाच्या पंगतींत नव्या मुलांना पहिला सल्ला मिळतो तो अमुक वस्तीत जाऊ नको, तमुक रंगाची माणसं दिसली तर रस्ता बदल, असा. हा सल्ला देणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, हे थांबवा. कुठला रस्ता रात्री निर्मनुष्य असतो, विद्यापीठाची रात्रीची बस किती वाजेपर्यंत असते, हे सांगा. तेवढ्याने मुलगा खरोखर सुरक्षित राहतो, आणि शेजाऱ्याकडे संशयाने बघायला शिकत नाही.

उलट ज्याच्याबद्दल खरोखर काळजी वाटावी असं वागणं दिसलं, तर बोलायला शिका. ब्लॅक्सबर्गच्या मारेकऱ्याचं वागणं शिक्षकांना आधीच खटकलं होतं. इंग्रजीच्या प्राध्यापिका लुसिंडा रॉय यांनी ते विद्यापीठात वरपर्यंत कळवलंही होतं. पण एका कचेरीकडची माहिती दुसरीकडे गेली नाही. पुढच्या वर्षी व्हर्जिनियाने आपल्या सरकारी विद्यापीठांना अशा इशाऱ्यांचा एकत्र विचार करणारी पथकं नेमायला लावली. आज पुष्कळ ठिकाणी ती आहेत. खोलीतला मित्र शस्त्रांच्या, मरण्याच्या गोष्टी करू लागला तर त्या पथकाला कळवणं ही चुगली नव्हे. कदाचित त्यालाच मदत मिळेल.

नॉरिस हॉलचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. इमारत पाडली नाही. जिथे वर्ग भरत होते त्या दुसऱ्या मजल्यावर २००९ मध्ये शांतता अभ्यास आणि हिंसा प्रतिबंधाचं केंद्र सुरू झालं. त्याचे पहिले संचालक येझी नोवाक. ते त्याच विद्यापीठात उद्यानविद्येचे प्राध्यापक होते, आणि त्यांची पत्नी त्याच इमारतीत फ्रेंच शिकवताना मारली गेली होती. आपला विषय सोडून हा माणूस त्याच मजल्यावर कामाला गेला. त्यांना भीती वाटली नसेल असं मी म्हणणार नाही.

आपल्या हातात एवढं मोठं काही नाही, पण जे आहे ते या महिन्यात करायचं आहे. गणपतीच्या आधीच्या रविवारी सकाळी नव्या विद्यार्थ्यांना बोलावलं आहे. येताना फोन आणि विद्यापीठाचा पासवर्ड आणा, नावं-नंबर तिथेच बसून भरू. विद्यार्थ्यांची जबाबदारी घेणाऱ्या कुटुंबांची यादी आपण नव्याने करतो आहोत आणि त्यात अजून बरीच घरं हवी आहेत. ज्यांचं घर विद्यापीठाच्या जवळ आहे, ज्यांना मध्यरात्री गाडी काढणं जमतं, ज्यांना फोनवर शांतपणे बोलता येतं, त्यांनी नाव द्यावं. आणि काही घडलंच तर व्हॉट्सअॅपवर आलेलं काहीही पुढे ढकलू नका. विद्यापीठ आणि पोलिसांनी सांगितलेलंच मंडळाच्या गटावर येईल, आणि ते टाकायचं काम एकाच माणसाकडे राहील. भारतातल्या पालकांनी कुठल्या नंबरवर फोन करायचा, तो या अंकाच्या मागच्या पानावर छापला आहे. तो रात्री बंद नसतो.

– संपादक